स्टिल्ट पार्किंगमधला दवाखाना

मुंबईत मासा जखमी झाला तर औषध कुठलं द्यायचं याच्या आधी टाकी कुठे ठेवायची हे ठरवावं लागतं. मुलुंडला आमच्या सोसायटीत रीडेव्हलपमेंटनंतर बिल्डरने गेटाशी एक तळं करून दिलं. बारा हजार लिटरच्या आसपास पाणी, मधोमध कारंजं, कडेने काडप्पा आणि आत रंगीत कोई, म्हणजे शोभेचे कार्प मासे. ब्रोशरच्या फोटोसाठी आणलेले हे मासे ब्रोशर रद्दीत गेल्यावरही जगले, वाढले. त्यांना खायला घालणं, फिल्टर धुणं, पोरांना "त्यात वेफर्स टाकू नका रे" म्हणून ओरडणं ही कामं हळूहळू माझ्याकडे आली. बँकेतून घरी येताना मी आधी तळ्याशी थांबते, हे आता घरच्यांनीही धरून चाललंय.

त्यातली एक मादी पांढरीशुभ्र आणि कपाळावर लाल गोल. जपानमध्ये या प्रकाराला तांचो म्हणतात, आणि तो गोल नेटका, बरोबर मधोमध असला तर त्याचं मोठं कौतुक असतं. आमची बाई कुठल्यातरी इथल्याच हॅचरीतली, तिचा गोल जरा डावीकडे सरकलेला. सासूबाईंनी बघताक्षणी तिचं नाव सवाष्ण ठेवलं आणि वॉचमनकाकांपासून सेक्रेटरींपर्यंत सगळे तेच म्हणू लागले. लांबी साधारण ४० सेंटिमीटर, वजन अंदाजे किलोभर. हे वजन पुढे फार महत्त्वाचं ठरतं म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

जुलैतल्या एका झोडपणाऱ्या पावसानंतर तळ्यात विणीची धावपळ उसळली. ताजं पावसाचं पाणी पडलं, पाणी थोडं गार झालं की कार्पना चेव येतो. नर मादीच्या पोटाला ढुशा देत तिला काठाशी रेटतात. नदीत किंवा शेततळ्यात काठाला गवत असतं, अंडी त्यालाच चिकटतात. आमच्या काठाला काडप्पा आहे, आणि तो घोटून गोल केलेला नाही. सकाळी सवाष्ण एकटी कारंज्याच्या सावलीत होती, छातीचे पर अंगाला चिकटवून. उजव्या कुशीवरचे खवले गेले होते आणि चारेक सेंटिमीटरचा पट्टा उघडा पडला होता, मधे लालसर, कडेला दोन-तीन खवले अर्धवट उचललेले.

माझी मामेबहीण रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकली, आता पालघरकडे कोळंबीच्या तलावांवर काम करते. तिला फोटो पाठवले. तिने पहिलं काय विचारलं असेल तर, "ताई, जखम लांबट आहे की गोल?"

कारण जखमेवरून गुन्हेगार कळतो. बगळ्याने किंवा रातबगळ्याने चोच मारली असेल तर भोक अरुंद आणि खोल असतं, बहुतेकदा पाठीच्या बाजूला, कधी दोन्ही अंगांना. गोल खड्डा, मधे लाल आणि भोवती पांढरट कडा असेल तर तो आतून आलेला व्रण. त्यात बहुतेकदा एरोमोनास जातीचे जिवाणू असतात आणि मग एका माशापुरतं भागत नाही, तळ्याच्या पाण्याचीच चौकशी करावी लागते. कापसासारखा पुंजका दिसला तर बुरशी, पण ती सहसा आधीच मेलेल्या कातडीवर येते. खरवडल्याची जखम लांबट, उथळ, वेडीवाकडी. आमची तशीच होती. सेक्रेटरींनी ‘माशांचा तो साथीचा व्रणरोग’ म्हणून शंका काढली होती. त्यावर बहीण म्हणाली, १९८८ मध्ये भारतात आलेला तो रोग मरळ, मृगळ यांच्यासारख्या माशांना झोडपतो, कोई ज्या जातीतला त्या सायप्रिनस कार्पिओला तो सहसा लागत नाही. शिवाय तिने अंगावर माशांच्या उवा दिसतात का तेही बघायला लावलं. चपट्या, पारदर्शक, मसुराएवढ्या. बारकाईने पाहिलं की सरकताना दिसतात. त्या नव्हत्या.

मग प्रश्न तिला हलवायचं की नाही. हे कुणी फारसं बोलत नाही, पण पाणी चांगलं असेल आणि मासा खात-पित असेल तर लहानशी खरवड मोठ्या तळ्यातच उत्तम बरी होते. पकडणं, उचलणं, एकटं ठेवणं यात माशाला जो ताण येतो तो फुकटचा नसतो. सवाष्ण खात नव्हती, आणि दुपारपर्यंत बाकीचे मासे तिच्या जखमेला टोचून बघायला लागले होते. म्हणून हलवायचं ठरलं.

टाकी गच्चीवर सापडली. वॉटरप्रूफिंगवाल्यांनी माल कालवायला एक काळी गोल टाकी तोंड कापून वापरली होती, ती घासून, धुऊन, उन्हात टाकली. कुठल्याही टाकीवर लिहिलेल्या लिटरवर विश्वास ठेवू नये. मी २० लिटरच्या बादलीने मोजून भरली आणि काठापासून वीतभर खाली ४०० लिटर आलं. तिथे मार्करने रेघ मारली. पुढचं सगळं गणित, मीठ, क्लोरीन मारणारा हायपो, काय वाट्टेल ते, या रेघेवर चाललं.

जागेवरून कमिटीत थोडं झालं. घरात ४०० लिटर म्हणजे ४०० किलो, शिवाय दुसरा मजला, प्रश्नच नव्हता. गच्चीवर पत्रा तापतो. शेवटी स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या जागेत, पाहुण्यांच्या पार्किंगचा अर्धा कोपरा मिळाला, ‘तात्पुरता’ हा शब्द मिनिट्समध्ये ठळक लिहून. तिथे सावली होती, मीटररूममधून प्लग घेता येत होता आणि वॉचमनकाकांची खुर्ची समोरच होती. एक गोष्ट मात्र मी हट्टाने बघितली. जनरेटर जिथे आहे त्या बाजूला टाकी नको. एअर पंप आजूबाजूची हवा खेचून पाण्यात सोडतो. हवेत डिझेलचा धूर असेल तर तोही पाण्यातच जाणार.

पाणी अर्धं तळ्यातलं घेतलं, म्हणजे तापमान आणि गुण एकदम बदलायला नकोत, आणि अर्धं नळाचं. शहराचं बरंचसं पाणी भांडुपच्या केंद्रात शुद्ध होऊन येतं आणि भांडुप आमच्यापासून दोन स्टेशनांवर. त्यामुळे आमच्या जमिनीखालच्या टाकीत पाणी येतं तेव्हा त्यात क्लोरीन चांगलंच शिल्लक असतं, निदान आमच्या नळाला गढूळ पावसाळ्यात वास जाणवतो. आपल्याला ते पाणी पिण्यालायक करतं, माशाचे कल्ले मात्र जाळतं. उपाय स्वस्त आहे. मत्स्यालयाच्या दुकानात हायपोचे खडे मिळतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. पूर्वी फोटो धुणारे वापरायचे तेच. एक मिलिग्रॅम क्लोरीनला साधारण सात मिलिग्रॅम हायपो पुरतो. चिमूट-चिमूट टाकण्यापेक्षा मी क्लोरीनच्या पट्टीने मोजून, किचनच्या छोट्या काट्यावर तोलून टाकत होते. पट्टी कोरी आली की पाणी तयार. टँकर आला तर मात्र दरवेळी नव्याने मोजायचं, कारण टँकरचं पाणी कुठलं हे टँकरवालाही सांगत नाही.

माशाला पकडायला मोठं पसरट जाळं वापरलं, पण फक्त वळवायला. जाळ्यात उचललं की उरलेले खवलेही त्या दोऱ्यात अडकून जातात. जाळ्याने तिला हळूहळू काठाशी आणायचं, पाण्याखाली टब धरायचा आणि टबासकट, पाण्यासकट उचलायचं. दोघं लागतात. कमिटीतले एक काका शेपटीला धरून उचलायला सरसावले होते, त्यांना वेळेवर थांबवलं. किलोभराचा मासा शेपटीवर लटकला तर मणक्याला इजा होऊ शकते. हात ओले हवेत, अंगठ्या-बांगड्या काढलेल्या. अंगावरचा चिकट थर म्हणजे माशाचं पहिलं चिलखत, कोरड्या तळव्याने तो पुसला जातो.

टाकीच्या तळाला वाळू, दगड, झाड काही नाही. नुसता गुळगुळीत तळ, म्हणजे विष्ठा दिसते आणि पाइपने ओढून काढता येते. दोन एअर स्टोन. पाणी ३० अंशांवर गेलं की त्यात विरघळणारा प्राणवायू लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच येतो, २० अंशांना नऊच्या वर असतो. त्यामुळे मुंबईत हीटरची फिकीर सोडून बुडबुड्यांची करावी. बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप वॉचमनकाकांच्या ड्रॉवरमध्ये ठेवला, वीज गेली तर लावायला. वरून सासूबाईंची जुनी मच्छरदाणी नाडीने घट्ट बांधली. नव्या टाकीत घाबरलेला कोई उडी मारतो आणि पहाटे फरशीवर सापडतो, ही गोष्ट मासे पाळणाऱ्या प्रत्येकाकडे आहे. पार्किंगमधल्या मांजरी दिवसभर टाकीभोवती चौकशी करत होत्या तो भाग वेगळा. शिवाय पावसाळ्यात उघडं साचलेलं पाणी म्हणजे डासांच्या तपासणीला निमंत्रण. मच्छरदाणी बघून तपासायला आलेले कर्मचारी आत डोकावले, सवाष्णीला बघून हसले आणि पुढे गेले. तिने त्या आठवड्यात एकही अळी शिल्लक ठेवली असेल असं मला वाटत नाही.

मीठ हे या सगळ्यातलं खरं औषध, आणि ते काम कसं करतं हे मला बहिणीने समजावलं तेव्हा कुठे त्याचा धाक वाटेनासा झाला. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तातलं मीठ ०.९ टक्क्याच्या आसपास, बाहेरच्या पाण्यात जवळजवळ शून्य. त्यामुळे पाणी सतत कल्ल्यांतून आत शिरतं आणि मूत्रपिंड ते सतत बाहेर फेकत राहतं. कातडी उघडी पडली की आत येणारं पाणी वाढतं आणि दुखणाऱ्या माशाची बरीच ताकद या उपशातच जाते. बाहेरच्या पाण्यात थोडं मीठ घातलं की तो उपसा हलका होतो. आम्ही ०.३ टक्के ठरवलं, म्हणजे लिटरला तीन ग्रॅम, ४०० लिटरला १,२०० ग्रॅम. साधं खडे मीठ, ज्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही मिसळलेलं नाही असं. मुलुंडहून ठाण्याकडे जाताना हायवेच्या कडेला मिठागरं दिसतात, पण मीठ कोपऱ्यावरच्या वाण्याकडूनच आणलं. तीन हप्ते केले, ४००-४०० ग्रॅमचे, अर्ध्या-अर्ध्या दिवसाने, बादलीत आधी विरघळवून. खडे तसेच टाकले आणि मासा त्यावर जाऊन बसला तर अंग भाजतं.

मीठ उडून जात नाही, फक्त पाणी उडतं. म्हणून नुसतं बाष्पीभवन भरून काढताना मीठ घालायचं नाही. १२० लिटर काढून १२० लिटर नवं घातलं तर तेवढ्याचंच, ३६० ग्रॅम. याची चिठ्ठी टाकीवर चिकटवली होती कारण मी ऑफिसात असताना मुलगा पाणी बदलायचा.

आता अमोनिया. मला विचाराल तर लहान टाकीत जखमेने मेलेल्या माशांपेक्षा अमोनियाने मेलेले जास्त असणार, फक्त त्यांच्या नावावर जखम लागते. तळ्याच्या फिल्टरमध्ये जे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात ते नव्या टाकीत नसतातच. जमायला काही आठवडे घेतात. मासा अमोनिया मुख्यतः कल्ल्यांतून सोडतो, थेट पाण्यात. हिशेब असा. माशांच्या खाण्यातल्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. सवाष्णीला वजनाच्या एक टक्का, म्हणजे १० ग्रॅम खाणं दिलं तर ०.३ ग्रॅम अमोनिया. तळ्याच्या बारा हजार लिटरमध्ये तो किरकोळ आहे. ४०० लिटरमध्ये एका दिवसात लिटरला ०.७५ मिलिग्रॅम. दोन दिवस पाणी बदललं नाही तर दीड. आणि तेवढ्यात पाणी अल्कधर्मी असेल तर संपलंच, कारण अमोनियाचा विषारी हिस्सा पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे यावर ठरतो. ३० अंशांना पीएच ७ असेल तर तो एक टक्क्याच्या आत असतो, पीएच ८ असेल तर सात-आठ टक्के. मापक संच मात्र विषारी आणि बिनविषारी अशा दोन्ही हिश्श्यांची बेरीजच दाखवतो.

यावर आमचा उपाय तीन पदरी होता. खाणं सुरुवातीला बंद. तळ्याच्या फिल्टरमधला एक जुना, काळपट, घाणेरडा दिसणारा स्पंज न धुता उचलून टाकीच्या स्पंज फिल्टरवर बांधला. त्या घाणीतच कामाचे जिवाणू राहतात. आणि रोज सकाळी तीस टक्के पाणी बदललं. अमोनियाच्या चाचणीचा रंग पिवळ्यावरून हिरव्याकडे, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमकडे सरकलेला दिसला की त्याच संध्याकाळी पुन्हा. हा बदल औषधापेक्षा मोठा आहे आणि कंटाळवाणा आहे. पहाटे साडेपाचला पाणी येतं तेव्हा ड्रमात भरून हायपो घालायचा, त्यात एअर स्टोन सोडून ठेवायचा, आंघोळ-डबे उरकून मग बदलायचं. सूनबाई माशाला आंघोळ घालते असं सासूबाई फोनवर गावाला सांगत होत्या.

आपलं तलावाचं पाणी मऊ असतं, त्यात पीएच सांभाळून धरणारे क्षार कमी. फिल्टरमधले जिवाणू काम करताना तेही खातात आणि मग पीएच एकदम घसरतो. शंभर लिटरला तीन ग्रॅम खायचा सोडा घातला की कार्बोनेटचा कठीणपणा (याच क्षारांचं माप) साधारण एक अंशाने वाढतो. आम्हाला तो क्वचितच लागला, रोजच्या नव्या पाण्याने भागलं. अमोनिया चढलेला असताना मात्र सोड्याला हात लावायचा नाही, पीएच वाढवणं म्हणजे विषाचा हिस्सा वाढवणं. अमोनिया शोषणारे झिओलाइटचे दगडही दुकानदार देतो. मिठाच्या पाण्यात ते उलटं काम करतात, शोषलेला अमोनिया सोडून देतात.

दुकानदाराचा विषय निघालाच आहे तर. एका दुकानात मी फक्त स्पंज फिल्टर घ्यायला गेले आणि बाहेर पडताना माझ्या हातात निळी बाटली, पिवळी पुडी आणि अँटिबायोटिकच्या कॅप्सुली ठेवल्या गेल्या होत्या, ‘सगळं एकदम टाका, दोन दिवसांत पळेल’. सगळं परत ठेवलं. निळी बाटली म्हणजे मेथिलीन ब्लू. बुरशीवर तिचा उपयोग आहे, पण ती फिल्टरमधले जिवाणूही मारते, म्हणजे ज्या एका गोष्टीवर ही टाकी उभी होती तीच गेली असती. अँटिबायोटिक पाण्यात टाकून जखमेपर्यंत किती पोचतं हा प्रश्न, गटारात किती जातं हे नक्की. जखम खोल गेली असती, खाली स्नायू सडताना दिसला असता, तर इंजेक्शन देणारा पशुवैद्य गाठावा लागला असता, आणि ते त्यांनीच ठरवायचं. सासूबाईंचं म्हणणं हळद लावा. बहिणीने त्यांना नाराज न करता सांगितलं, "काकू, हळद चांगलीच आहे, पण पाण्यात टिकणार कशी? सवाष्णीला ती कुंकवासोबत दिवाळीला लावा."

जखमेवर प्रत्यक्ष हात एकदाच लावला, रविवारी बहीण आली तेव्हा. लवंग तेलाने भूल दिली. यातली मुख्य गोष्ट म्हणजे तेल थेट पाण्यात मिसळत नाही. बाटलीत कोमट पाणी घेऊन त्यात ते दुधासारखं पांढरं होईपर्यंत हलवायचं आणि मग वेगळ्या टबात ओतायचं. वीस लिटरला साधारण एक मिलिलिटर हे तिचं प्रमाण, पण तिने आधी निम्मंच घातलं आणि वाट बघितली. टबाचं पाणी टाकीतलंच, एअर स्टोन चालू, शेजारी शुद्धीवर आणायला दुसरा टब तयार. सवाष्ण आधी अस्वस्थ फिरली, मग कलली, मग आडवी झाली. या वेळात एका माणसाने फक्त कल्ल्यांच्या झाकणांकडे बघायचं. ती हलताहेत तोवर ठीक. थांबली तर दुसरा विचार न करता ताज्या पाण्यात. हे काम मला दिलं होतं आणि माझे डोळे दुखायला लागले.

बहिणीने तिला ओल्या टॉवेलवर घेतलं, डोळ्यांवर टॉवेलचं टोक टाकलं. सुटलेले, नुसते लोंबणारे दोन खवले चिमट्याने काढले. घट्ट बसलेल्यांना हात लावला नाही. निर्जंतुक कापसाने जखमेवरचा मळकट थर टिपला, बीटाडाइनचा बोळा फक्त जखमेवर फिरवला. माशाला किंचित शेपटीकडे कलतं धरलं होतं, औषध ओघळून कल्ल्यांत जाऊ नये म्हणून. त्यावर, तोंड आल्यावर लावतात तसली, ओल्या जागेला चिकटणारी पेस्ट लावली. इथे एक खाचखळगा आहे. केमिस्टने आधी दिलेल्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड होतं, जे जखम भरणं लांबवतं. बहिणीने मागची बारीक अक्षरं वाचून ती बदलायला लावली. सगळं मिनिटभरात झालं आणि सवाष्ण दुसऱ्या टबात. पुढचा वेळ लांब वाटला. बहिणीने तिला पाण्यात सरळ धरून ठेवलं, तोंडासमोर बुडबुडे. मग एक पर हलला, मग तिने शेपटीचा असा फटका दिला की आम्ही तिघं भिजलो.

दर दोन दिवसांनी असं करत राहायचा मोह होतो, कारण काहीतरी करतोय असं वाटतं. बहिणीने बंदी घातली. "बघ, पण पकडू नकोस," हे तिचं जाताना शेवटचं वाक्य.

बघायला पार्किंगमध्ये गर्दी होतीच. मुलांनी ‘दवाखाना. टिचकी मारू नये’ असा बोर्ड लावला आणि मग आळीपाळीने टिचक्या मारल्या. टाकीच्या अर्ध्या भागावर हिरवी शेडनेट टाकल्यावर सवाष्णीला लपायला जागा झाली. कोई थव्यात राहणारा मासा. एकटा ठेवला की खंगतो म्हणून सोबतीला एखादा लहान मासा ठेवावा असं काही अनुभवी लोक सांगतात. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण माझ्या ४०० लिटरला ते परवडत नव्हतं. मुंबईत पाहुणे ठेवताना जो विचार करतो तोच.

सगळ्यात धावपळ झाली ती धूरफवारणीच्या दिवशी. डासांसाठी जो धूर सोडतात त्यातली कीटकनाशकं बऱ्याचदा पायरेथ्रॉइड गटातली असतात. ती माणसाला फारशी बाधत नाहीत, माशांना अगदी थोडीही घातक. वॉचमनकाकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं. मशीनचा आवाज गेटाशी येताच त्यांनी एअर पंप बंद केला, टाकीवर प्लॅस्टिकची ताडपत्री ओढली, फवारणाऱ्या भाऊंना हात जोडून दुसऱ्या टोकाला वळवलं आणि धूर बसल्यावर बॅटरीचा पंप बाहेरच्या मोकळ्या हवेत ठेवून लांब नळीने हवा सोडली. ही शेवटची अक्कल त्यांची स्वतःची. मला फोन आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

खाणं परत सुरू केलं ते चारच दाण्यांनी. कोईला जठर नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, त्यामुळे एकदम भरपूर देण्यात काही अर्थ नाही. निरोगी कोई काही दिवस सहज उपाशी राहतो, हे लोकांना पटवणंच अवघड. रोज कुणीतरी पोळीचा तुकडा घेऊन येई. चार दाणे, मग आठ. कधी उकडून साल काढलेला मटार. उरलेलं दोन मिनिटांत काढून टाकायचं. दाणे वाढवले की त्या रात्री अमोनिया मोजायचा, हा नियम.

जखम आधी पांढरट झाली. बुरशी म्हणून माझा जीव वर-खाली झाला, पण ती पसरत नव्हती, पुंजके नव्हते. नवी कातडी कडेकडून सरकत येत होती. मग गुलाबी, मग पारदर्शक. गरम पाण्यात हे भराभर होतं, एवढा आपल्या हवेचा फायदा. खवले पुढे बहुतेकदा उगवतात, फक्त ओळ थोडी वाकडी येते.

श्रावण संपत आला आणि सेक्रेटरींनी विषय काढला. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन या वर्षी तळ्यात करू, इकोफ्रेंडली. मी म्हटलं, शाडूची माती कल्ल्यांत बसते, रंग वेगळेच. ते म्हणाले, मग ती काळी टाकी द्या. टाकी द्यायला माझी हरकत नव्हती, पण तारीख बघून मासा बरा होत नाही. मिठातून बाहेर काढायचं तर तेही हळूहळू: नवं पाणी घालत जायचं, मीठ घालायचं थांबवायचं. ०.३ वरून उतरायला आठवडाभर घेतला, शेवटी पाणी जवळपास तळ्याइतकंच गोडं झालं. कातडी पूर्ण बंद, भूक सणसणीत, पर उघडे. हरतालिकेच्या आधी तिला टबातून तळ्यात नेलं, टब तासभर तळ्यात तरंगत ठेवून, थोडं थोडं पाणी आत घेत. ती सरळ कारंज्याखाली गेली आणि बाकीचे मागे.

टाकी रिकामी करून घासली, दोन दिवस कडक उन्हात उलटी ठेवली, स्पंज परत तळ्याच्या फिल्टरमध्ये. टाकीत सोसायटीचे सात गणपती विसर्जित झाले आणि उरलेली माती कुंड्यांना गेली.

काडप्प्याच्या कडेला रबरी पट्टी लावायचं कोटेशन मी जनरल बॉडीत ठेवलंय. एका सभासदाचा मुद्दा असा की विणीच्या वेळी नरांनाच बाहेर काढावं, पट्टीचा खर्च वाचेल. नर कुठले ते ओळखायचे कसे, हा प्रश्न पुढच्या मीटिंगवर गेला आहे. काळी टाकी मात्र सोसायटीच्या मालमत्तेच्या यादीत ‘मत्स्य दवाखाना, १ नग’ म्हणून चढली, आणि पाहुण्यांच्या पार्किंगचा तो अर्धा कोपरा अजून कुणी परत मागितलेला नाही.